धातूच्या अन्नवेष्टनांतील रासायनिक सुरक्षितता

अन्न व पेये टिकवण्यासाठी वापरले जाणारे पोलादी आणि ॲल्युमिनियमचे डबे, तसेच काचेच्या बरण्यांची धातूची झाकणे यांतून आतल्या पदार्थात कोणती रसायने उतरतात, किती प्रमाणात उतरतात आणि ती पोटात गेल्याने काय परिणाम होतात, याचा विचार या विषयात केला जातो. अन्नाशी अजिबात देवघेव न करणारे भांडे अस्तित्वात नाही. परंतु पातेले किंवा ताट अन्नाच्या संपर्कात काही तासच असते, तर डबा त्याच अन्नासह बंद स्थितीत सुमारे १२१° से. तापमानापर्यंत तापवला जातो आणि त्यानंतर दोन-तीन वर्षे त्या अन्नाला लागून राहतो. अन्नातील आम्ल, मीठ, तेल व गंधकाची संयुगे एवढ्या काळात डब्याच्या आतल्या पृष्ठभागावर सतत क्रिया करत असतात. या विषयाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासाचे एक वैशिष्ट्य असे की, एका धोक्यावर शोधलेला उपाय बहुतेक वेळा स्वतःबरोबर दुसरे रसायन घेऊन आला.

इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांना १८१० साली कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्यात अन्न टिकवण्याचे एकस्व (पेटंट) मिळाले आणि ब्रायन डॉन्किन व जॉन हॉल यांच्या कारखान्यातून १८१३ पासून असे डबे ब्रिटिश नौदलाला पुरवले जाऊ लागले. हे डबे हाताने बनवत आणि त्यांचे सांधे शिसे व कथिल यांच्या मिश्रधातूचा डाख देऊन बंद करत. डाखाचे ओघळ आतल्या बाजूला उतरत आणि त्यातील शिसे अन्नात मिसळे. सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली १८४५ मध्ये आर्क्टिकमध्ये गेलेल्या आणि परत न आलेल्या मोहिमेतील तीन खलाशांची प्रेते बीची बेटावरील थडग्यांतून १९८४ व १९८६ मध्ये उकरून तपासण्यात आली, तेव्हा त्यांच्या शरीरात शिशाचे प्रमाण मोठे आढळले आणि डब्यांनीच खलाशांचा घात केला, ही कल्पना लोकप्रिय झाली. नंतरच्या अभ्यासकांनी ती इतक्या सरळपणे स्वीकारलेली नाही. त्या काळी शिसे अनेक मार्गांनी शरीरात जात असे आणि मोहिमेच्या नाशाला उपासमार, थंडी व आजारपण अशी इतर कारणेही पुरेशी होती. कथा बाजूला ठेवली तरी डाखातून शिसे अन्नात उतरते, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. शिशाचा सर्वांत गंभीर परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो. डब्याचा उभा सांधा विजेच्या साहाय्याने वितळजोड करून बंद करण्याची पद्धत, तसेच एकाच पत्र्यातून खेचून काढलेला, बाजूला सांधाच नसलेला डबा यांमुळे डाखाची गरज संपली. अमेरिकेतील उत्पादकांनी १९९१ पर्यंत शिशाचा डाख वापरणे सोडले आणि १९९५ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्यावर बंदी घातली. ज्या देशांत जुनी यंत्रसामग्री चालू आहे तेथे हा प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही.

कथिलाची गोष्ट वेगळी आहे, कारण येथे धातूचे विरघळणे हा अपघात नसून त्याच्यावर सोपवलेले काम असते. पोलादी पत्र्यावरील कथिलाचा थर एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो. हवेत हा थर ओरखडला तर उघडे पडलेले लोखंड गंजते. पण बंद डब्यातील प्राणवायूरहित आम्लीय वातावरणात परिस्थिती उलटते आणि कथिल स्वतः हळूहळू विरघळून लोखंडाचे रक्षण करते. अननस, पेअर, पीच यांसारखी फिकट रंगाची फळे आतून रोगण न दिलेल्या डब्यांत मुद्दाम भरली जातात, कारण विरघळणाऱ्या कथिलामुळे त्यांचा रंग व चव टिकतात. कथिल संपले की लोखंडाची पाळी येते. त्यातून निघणाऱ्या हायड्रोजनने डबा फुगतो आणि अन्नाला धातूची चव येते.

अकार्बनी कथिल आतड्यातून फारसे शोषले जात नाही, त्यामुळे त्याचे साठून राहणारे विषारी परिणाम हा चिंतेचा मुख्य विषय नाही. प्रश्न आहे तो तात्कालिक त्रासाचा. अन्नात दर किलोग्रॅमला सुमारे २०० मिग्रॅ.पेक्षा अधिक कथिल असल्यास काही लोकांना मळमळ, उलट्या, पोटात मुरडा असा त्रास होतो व तो सहसा लवकर थांबतो. आंतरराष्ट्रीय अन्नसंहिता आयोगाने डबाबंद अन्नासाठी किलोग्रॅमला २५० मिग्रॅ. आणि डबाबंद पेयांसाठी १५० मिग्रॅ. अशी मर्यादा ठेवली आहे. युरोपीय संघाच्या मर्यादा याहून कडक, म्हणजे अनुक्रमे २०० व १०० मिग्रॅ. असून बालकांच्या डबाबंद अन्नासाठी ती ५० मिग्रॅ. आहे. मर्यादा ओलांडली जाण्यामागे बहुधा दोन कारणे असतात. पहिले म्हणजे नायट्रेट : भरपूर खत दिलेल्या जमिनीतील टोमॅटो किंवा शेंगभाज्यांमध्ये नायट्रेट अधिक असेल, तर डबा कारखान्यात निर्दोष बनलेला असूनही कथिल अपेक्षेपेक्षा फार वेगाने विरघळते. शेतातील खताचा डब्याच्या आयुष्याशी असा थेट संबंध येतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरे कारण हवा. डबा उघडल्यावर आत शिरलेल्या प्राणवायूमुळे विरघळण्याचा वेग काही दिवसांतच कितीतरी वाढतो.

क्रोमियम डब्यात दोन ठिकाणी येते. कथिलाच्या थरावर स्थैर्यासाठी डायक्रोमेटची प्रक्रिया करतात आणि काही डब्यांची तळझाकणे कथिलाऐवजी क्रोमियमचा मुलामा दिलेल्या पोलादाची असतात. तयार पत्र्यावरचे क्रोमियम धातुरूप किंवा त्रिसंयुजी असते. कर्करोगकारक षट्संयुजी क्रोमियमचा धोका मुख्यतः पत्रा बनवणाऱ्या कामगारांना व कारखान्याच्या सांडपाण्याला असतो. म्हणूनच युरोपात त्याचे पर्याय शोधण्याचा रेटा अन्नसुरक्षेपेक्षा रसायनवापराच्या कायद्यातून आलेला आहे.

शीतपेयांचे डबे बहुतांशी ॲल्युमिनियमचे असतात. कोलासारख्या पेयाचे सामू मूल्य २.५ च्या आसपास असते आणि एवढ्या आम्लात उघडे ॲल्युमिनियम टिकणार नाही, म्हणून या डब्यांना आतून रोगण अनिवार्य असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००८ मध्ये ॲल्युमिनियमचे सह्य साप्ताहिक सेवन, म्हणजे आयुष्यभर दर आठवड्याला पोटात गेले तरी अपाय होणार नाही असे मानलेले प्रमाण, शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे १ मिग्रॅ. ठरवले, तर जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये ते २ मिग्रॅ. मानले. रोगण शाबूत असलेल्या डब्यातून या सेवनात पडणारी भर अल्प असते. मुळात धान्ये, भाज्या आणि ॲल्युमिनियमयुक्त खाद्य मिश्रके हेच त्याचे मोठे स्रोत आहेत.

अशा रीतीने धातूला अन्नापासून दूर ठेवण्याचे काम रोगणाकडे आले आणि वादाचा केंद्रबिंदूही तेथेच सरकला. आतून लेप दिलेल्या डब्यातील बिअर अमेरिकेत प्रथम १९३५ मध्ये विक्रीला आली. सुरुवातीची रोगणे वनस्पतिज तेले व नैसर्गिक राळ यांपासून केलेली असत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांची जागा इपॉक्सी रेझिनांनी घेतली. हा लेप केवळ काही मायक्रॉन जाडीचा असतो. तरीही तो पत्र्याला घट्ट धरून राहतो, पत्रा दाबून आकार देताना तडकत नाही, निर्जंतुकीकरणाची उष्णता सहन करतो आणि अन्नाला वास लावत नाही. हे सगळे गुण एकाच पदार्थात असल्यामुळे त्याला पर्याय मिळण्यास इतकी दशके लागली.

इपॉक्सी रेझीन तयार करताना बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे संयुग लागते. ते १८९१ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र डियानिन यांनी प्रथम बनवले. इंग्लंडमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी १९३० नंतरच्या दशकात इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनाच्या कृत्रिम पर्यायाच्या शोधात ते तपासले, तेव्हा त्यात इस्ट्रोजेनासारखा सौम्य गुण आढळला होता. म्हणजे डब्यांच्या लेपात शिरण्यापूर्वीच या रसायनाची हॉर्मोनांशी असलेली जवळीक छापून आलेली होती, हे इतिहासकाराला खटकल्यावाचून राहत नाही. रेझीन कडक होताना जे बीपीए बांधले जात नाही ते लेपात सुटे राहते आणि विशेषतः निर्जंतुकीकरणाच्या उष्णतेत अन्नात उतरते. हार्व्हर्डच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७५ व्यक्तींना पाच दिवस रोज एकदा डबाबंद सूप व पुढे पाच दिवस ताजे सूप, किंवा उलट क्रमाने, दिले होते. डबाबंद सुपाच्या काळात त्यांच्या लघवीतील बीपीए दहा पटींहून अधिक वाढले. बीपीए शरीरातून काही तासांत बाहेर पडते, त्यामुळे ही वाढ तात्पुरती असते. परंतु रोज डबाबंद अन्न खाणाऱ्याच्या बाबतीत ती रोज नव्याने होते.

यापासून अपाय किती, याबद्दल तज्ज्ञ संस्थांमध्ये टोकाचा मतभेद आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये सह्य दैनिक सेवन शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅमला ४ मायक्रोग्रॅम असे तात्पुरते ठरवले होते. एप्रिल २०२३ मध्ये त्याच संस्थेने उंदरांच्या प्रतिरक्षा यंत्रणेवरील परिणामांच्या आधारे ते ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजार पटींनी खाली आणले. या हिशेबाने युरोपातील जवळजवळ प्रत्येक माणसाचे सेवन मर्यादेबाहेर जाते. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने ही पद्धत अमान्य करून २०० नॅनोग्रॅमचे मूल्य सुचवले, युरोपीय औषध संस्थेनेही असहमती नोंदवली, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सध्याच्या पातळीवरील वापर सुरक्षित असल्याची भूमिका घेतलेली आहे. एकाच पुराव्यावरून हजारपट अंतराचे आकडे निघतात तेव्हा मतभेद मोजमापाचा नसून, उंदरातील पेशींच्या संख्येतील बदलाला मानवी आजाराचे पूर्वचिन्ह मानायचे की नाही, याचा असतो.

कायदा मात्र पुढे गेला. फ्रान्सने २०१५ पासून अन्नवेष्टनात बीपीए वापरण्यास मनाई केली. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नसंपर्कातील लेप, प्लॅस्टिक, चिकटद्रव्ये इत्यादींत बीपीए वापरण्यावर बंदी घालणारा नियम संमत केला. त्यातील सर्वसाधारण मुदत २० जुलै २०२६ पर्यंतची असून फळे, भाज्या व मासे टिकवण्याच्या डब्यांना २० जानेवारी २०२८ पर्यंत सवलत दिलेली आहे, कारण आम्ल आणि मीठ यांना दीर्घकाळ तोंड देणारा पर्यायी लेप सापडणे याच डब्यांसाठी सर्वांत अवघड ठरले. जपानी उत्पादकांनी कायद्याची वाट न पाहता १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासूनच पत्र्याला पॉलिएस्टरचा पापुद्रा चिकटवण्यासारखे मार्ग धरले होते.

पर्यायांमध्ये ॲक्रिलिक, पॉलिएस्टर, व्हिनिल, पॉलिओलेफिन आणि पुन्हा वनस्पतिज राळ यांवर आधारित लेप येतात. बीपीएच्या जागी त्याचेच भावंड असलेले बिस्फेनॉल-एस वापरणे म्हणजे नाव बदलून जुनाच प्रश्न ठेवणे होय. युरोपात त्याचेही वर्गीकरण प्रजननाला अपायकारक म्हणून झालेले आहे. टेट्रामिथिल बिस्फेनॉल-एफपासून केलेले इपॉक्सी इस्ट्रोजेनासारखा गुण दाखवत नाही, असे चाचण्यांतून दिसल्याने ते पेयांच्या डब्यांत रुळले. अधिक अवघड प्रश्न आहे तो हेतुपुरस्सर न घातलेल्या पदार्थांचा. लेप भाजताना अर्धवट जुळलेले लहान बहुवारिक (पॉलिमर) तुकडे, विघटनातून आलेली संयुगे आणि कच्च्या मालातील अशुद्धी मिळून शेकडो पदार्थ बनू शकतात. त्यांतील अनेकांची ओळखही पटलेली नसते, मग विषारीपणाची चाचणी दूरच. त्यामुळे डब्यावरील ‘बीपीएमुक्त’ हे शब्द त्यात काय नाही एवढेच सांगतात.

बरण्यांच्या झाकणांत आतल्या कडेला मऊ प्लॅस्टिकची चकती असते व तिला मऊपणा आणणारी द्रव्ये तेलकट पदार्थांत सहज विरघळतात. लोणची व तेलातील भाज्या यांच्या बाबतीत हा मार्ग लेपापेक्षा महत्त्वाचा ठरतो. याच चकतीला फुगवण्यासाठी वापरलेल्या ॲझोडायकार्बोनमाइडापासून सेमिकार्बाझाइड बनते, असे २००३ च्या सुमारास बालकांच्या बरणीबंद अन्नात आढळले आणि युरोपात २००५ पासून तो वापर थांबवण्यात आला.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष अन्नाऐवजी ३ टक्के ॲसिटिक आम्ल, निरनिराळ्या तीव्रतेचे एथेनॉल किंवा वनस्पती तेल डब्यात ठेवून ठरावीक तापमानाला व काळानंतर त्यात काय उतरले ते मोजतात. लेपाचा अखंडपणा तपासण्याची रीत साधी आहे : डब्यात मिठाचे पाणी भरून त्यातून वीज वाहते का ते पाहतात, वाहिली तर लेपात कोठेतरी सूक्ष्म छिद्र आहे. या सगळ्या काळजीचे वजन करताना लेप मुळात कशासाठी आहे तेही लक्षात ठेवावे लागते, कारण पत्रा कुरतडला जाऊन छिद्र पडले तर आत शिरणारे जंतू हे नॅनोग्रॅममध्ये मोजल्या जाणाऱ्या कोणत्याही रसायनापेक्षा अधिक लवकर माणसाला आजारी पाडतात. मांस, मासे, वाटाणा किंवा मका यांच्या डब्यात कधीकधी दिसणारे काळे डाग मात्र अन्नातील गंधकाची लोखंडाशी व कथिलाशी झालेल्या क्रियेने पडतात. ते दिसायला वाईट, पण निरुपद्रवी असतात.

सांध्यावर खोल पोचा आलेला किंवा फुगलेला डबा वापरू नये आणि डबा तसाच चुलीवर तापवू नये, कारण त्यातील लेप थेट आचेसाठी बनवलेला नसतो. उघडलेल्या डब्यातील उरलेले अन्न दुसऱ्या भांड्यात काढून ठेवण्याची सूचना आतून चकचकीत चंदेरी दिसणाऱ्या डब्यांना विशेष लागू पडते. सोनेरी किंवा पांढऱ्या लेपाच्या डब्यात कथिल उघडे नसल्याने तेथे हे कारण बरेच सौम्य होते.