डायव्हिंगचं सामान विमानातून नेताना: आधी मीठ, मग बॅग

स्कूबाचं (टाकीतल्या हवेवर पाण्याखाली उतरण्याचं) स्वतःचं सामान विमानातून न्यायचं म्हटलं की पहिली धास्ती असते ती बॅग आपटण्याची. ती अगदीच खोटी नाही, फिन्सचे (पायातल्या वल्ह्यांचे) बकल तुटतात, मास्कची काच तडकते. पण प्रवासानंतर सामान दगा देतं ते बहुतेक वेळा आत राहिलेल्या मिठामुळे आणि ओलीमुळे. मालवण-तारकर्लीहून अंदमान, लक्षद्वीप किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला निघा, नाहीतर मुंबई-पुण्याहून चिपी किंवा मोपाच्या विमानतळावर उतरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास डाइव्ह करून परता. सामान वाचवायचं काम बॅग उघडण्याच्या एक दिवस आधी, पाण्याच्या पिंपापाशी सुरू होतं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. डाइव्हनंतर बीसीडीच्या (अंगात घालायच्या, हवेने फुगणाऱ्या जाकिटाच्या) आतल्या पिशवीत वाटीभर पाणी सहज उरतं. २०० मिलीलिटर धरलं तर ते झालं ७ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा चमचा भरून. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओलंच राहतं. कोकण किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे आर्द्रता ७५च्या वर असणं नेहमीचंच. त्यामुळे व्हॉल्व्हमध्ये राहिलेलं मीठ इथे चिकट ओलीच्या रूपात असतं आणि बटणं मऊ चालतात. विमानातल्या हवेची आर्द्रता मात्र १० ते २० टक्क्यांवर येते. तिथे ती ओल सुकते आणि स्प्रिंगभोवती, रबराच्या सीटवर कडक, टोकदार स्फटिक धरतात. इथे निर्धोक चाललेला इन्फ्लेटर (बीसीडीत हवा भरायची-सोडायची बटणांची मूठ) तिथे उतरल्यावर अडकतो तो यामुळे.

इन्फ्लेटरचं बटण दाबलेल्या स्थितीत अडकलं तर बीसीडी आपोआप फुगत राहतं आणि डायव्हर न थांबता वर ओढला जातो. डायव्हिंगमधल्या सर्वांत वाईट बिघाडांपैकी हा एक. (पाण्यात असं झालंच तर इन्फ्लेटरला टाकीची हवा आणणारी नळी जोडापासून लगेच काढायची आणि हवा सोडायची, हा हात बसलेला असलाच पाहिजे.) म्हणून धुण्यात सगळ्यांत जास्त वेळ बीसीडीला द्यावा. इन्फ्लेटरच्या नळीतून दोन-तीन लिटर गोडं पाणी आत घाला, तोंडाने अर्धवट फुगवा, उलटसुलट करून हलवा. खालच्या डंप व्हॉल्व्हमधून (हवा सोडायच्या झडपेतून) थोडं आणि इन्फ्लेटरमधून थोडं पाणी काढा, म्हणजे दोन्ही वाटा धुतल्या जातात. हे निदान दोनदा. मग इन्फ्लेटर पाण्यात बुडवून दोन्ही बटणं दहा-बारा वेळा दाबा.

गोडं पाणी खरोखर गोडं आहे का हे आधी पाहा. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी उन्हाळ्याच्या तोंडाला मचूळ होतात, आणि डाइव्ह सेंटरवरच्या पिंपात सकाळपासून दहा जणांचं सामान बुचकळलं असेल तर दुपारी ते पाणीही खारटच. तिथे धुतलं तरी शेवटचं धुणं मुक्कामाच्या जागी, स्वच्छ बादलीत, एकट्या आपल्या सामानाचं करावं.

रेग्युलेटर म्हणजे टाकीतली दाबाची हवा श्वासाजोगी करणारं साधन: त्याचा फर्स्ट स्टेज टाकीला बसतो, सेकंड स्टेज तोंडात. त्याच्या बाबतीत एक नियम बाकी सगळ्यांवर भारी आहे: फर्स्ट स्टेजच्या तोंडात पाण्याचा थेंब जाता कामा नये. टाकीवरून काढल्या काढल्या डस्ट कॅप (त्या तोंडाची टोपी) कोरड्या फडक्याने पुसून घट्ट बसवा. टाकीची हवा सोडून ती वाळवण्याची सवय पुष्कळांना असते, पण तो झोत पाणी थेट फिल्टरकडे ढकलू शकतो, फडकंच बरं. नंतर अर्धा तास कोमट किंवा साध्या पाण्यात बुडवून ठेवा. या वेळी सेकंड स्टेजचं पर्ज बटण (हवा जोरात सोडणारं) दाबायचं नाही. नळीत दाब नसताना पर्ज दाबलं की आतला व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी नळीतून उलटं फर्स्ट स्टेजपर्यंत पोचतं. तिथे क्रोम चढवलेल्या पितळेला हिरवट गंज धरतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. शक्य असेल तर रेग्युलेटर टाकीला जोडून, हवा चालू ठेवूनच धुवावा. मग पर्ज बिनधास्त दाबता येतं.

आता वाळवणं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे डिकॉम्प्रेशनची (वर येताना टप्प्याटप्प्याने सक्तीने थांबण्याची) गरज न पडलेल्या एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. डिकॉम्प्रेशन करावं लागलेल्या डाइव्हनंतर याहून बरंच जास्त थांबावं. सरसकट २४ तास धरणं उत्तम. कारण विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास उतरतो आणि शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. शरीरासाठी सक्तीने मिळालेला हा दिवस सामान वाळवण्यासाठी पुरेसा असतो. शेवटची डाइव्ह त्या हिशेबानेच ठरवा.

सामान पडवीत, सावलीत, वारा लागेल असं टांगा. उन्हात रबर आणि निओप्रीन लवकर कडक होतं. अंगणात टांगण्यात दुसरी अडचण आहे ती जांभ्याच्या धुळीची. ही तांबडी धूळ फार बारीक असते, ओल्या चेनमध्ये आणि सेकंड स्टेजच्या एक्झॉस्ट (सोडलेला श्वास बाहेर टाकणाऱ्या) व्हॉल्व्हच्या पातळ रबरी पाकळीखाली जाऊन बसते. दिवेलागणीला सगळं आत घ्या आणि पंख्याखाली ठेवा. हिवाळ्यात रात्रभर दोरीवर राहिलेला वेटसूट सकाळी दंवाने पुन्हा ओला मिळतो. ओला वेटसूट किलो-दीड किलो जास्त भरू शकतो, आणि देशांतर्गत विमानात चेक-इनला बहुधा १५ किलोच मिळतात, तेव्हा वाळवण्यात पैसेही वाचतात.

वजनाचा हिशेब जमतो. रेग्युलेटर गेजसकट (दाबमापकासकट) अडीच ते तीन किलो, मास्क पाव किलो, डाइव्ह कॉम्प्युटर नगण्य. हे तिन्ही केबिन बॅगेत, तिथली ७ किलोंची मर्यादा सहज पाळली जाते. बीसीडी तीन ते चार किलो, फिन्स दोनच्या आसपास, तीन मिलिमीटरचा वेटसूट दोनच्या आत, बूट आणि किरकोळ धरून चेक-इन बॅग दहा किलोंच्या आत बसते. टाकी आणि शिशाची वजनं नेऊ नका. ती डाइव्ह सेंटरवर मिळतातच, आणि भरलेली टाकी विमानात चढू दिली जात नाही. तुमचा रेग्युलेटर डिन पद्धतीचा (आट्यांनी टाकीत फिरवून बसणारा) असेल तर तिथल्या टाक्या यॉकच्या (वरून आवळून बसवायच्या) आहेत का हे आधी फोन करून विचारा आणि अ‍ॅडॉप्टर जवळ ठेवा. डिनच्या आट्यांवर कडक टोपी हवीच. आटा एकदा चेपला की तो टाकीत बसत नाही.

बॅग भरताना फिन्स दोन्ही बाजूंना उभे, लांबीच्या दिशेने ठेवा. बॅगेची भिंत त्यांनीच कडक होते. त्यांच्या पायाच्या खोबणीत बूट किंवा मोजे कोंबा, म्हणजे ती चेपून आकार जात नाही. फिन वाकवून मात्र बॅगेत बसवायचे नाहीत. वाकलेल्या स्थितीत गाडीच्या तापलेल्या डिकीत काही तास गेले की तो बाक कायमचा राहतो. तळाला वेटसूट सैल गुंडाळून, त्यावर बीसीडी. नळ्या मोठ्या वेटोळ्यात ठेवा, धातूच्या टोकापाशी तीव्र वळण नको, कारण नळीची चीर तिथेच पडते. पारदर्शक सिलिकॉनचा मास्क काळ्या रबराला चिकटून ठेवू नका, त्याचा रंग सिलिकॉनमध्ये उतरतो. सुरी आणि दोरी कापायचं साधन चेक-इनमध्ये, म्यानात. एक्स-रे मशीनवर रेग्युलेटर म्हणजे धातूचा गोळा आणि त्यातून निघालेल्या नळ्या, तेव्हा तो सुरक्षारक्षकांना काढून दाखवता येईल असा वरच ठेवा. छोट्या टर्बोप्रॉप विमानात डोक्यावरचा कप्पा लहान असतो आणि केबिन बॅग शिडीपाशी काढून घेतली जाऊ शकते. म्हणून रेग्युलेटरला त्याची स्वतःची जाड अस्तराची पिशवी असावी, जी काढून मांडीवर घेता येईल.

दाबाबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: मालाच्या कप्प्यात हवेचा दाब नसतो, म्हणून गेज आणि कॉम्प्युटर केबिनमध्ये न्यायचे. प्रवासी विमानात दोन्हीकडे दाब जवळपास सारखाच असतो. ही नाजूक उपकरणं केबिनमध्ये न्यायची ती धक्क्यांपासून आणि चोरीपासून वाचवण्यासाठी. पण दाब उतरतो हे खरं, आणि हवाबंद वस्तूंना तो भोवतो. बीसीडीत राहिलेली हवा सुमारे एक-तृतीयांशाने फुगते, म्हणून ती पूर्ण काढून टाका. कॅमेऱ्याच्या हाउसिंगचं (पाण्याखाली कॅमेरा ठेवायच्या हवाबंद कवचाचं) तर उलटंच होतं. ते बाहेरून येणारा दाब सोसायला घडवलेलं असतं. विमानात दाब आतून बाहेर लागतो. १५ सेंटिमीटर व्यासाच्या डोमवर (लेन्सपुढच्या घुमटावर) तो जोर जवळजवळ ४५ किलो वजनाइतका भरतो आणि ओ-रिंग (सांधा बंद करणारी रबरी कडी) जागची सरकू शकते. उपाय सोपा आहे: प्रवासात हाउसिंगची मुख्य ओ-रिंग काढून वेगळ्या डबीत ठेवा. हवाबंद कडक पेटीला दाब समान करणारा छोटा व्हॉल्व्ह असतो का ते विकत घेतानाच पाहा. तो नसेल आणि वर आकाशात पेटी उघडून बंद केली, तर ३० बाय ४० सेंटिमीटरच्या झाकणावर उतरल्यावर तीनशे किलोंच्या आसपास जोर बसतो. ती उघडत नाही.

टॉर्चच्या बॅटऱ्यांचे नियम कडक आहेत आणि त्यांचं कारणही तसंच आहे. शक्तिशाली डाइव्ह टॉर्च पाण्याने थंड राहील या बेताने बनवलेला असतो; बॅगेत चुकून चालू झाला तर कपडे जाळू शकतो. बॅटरी किंवा उष्णता देणारा भाग काढून वेगळा ठेवा आणि असा टॉर्च नेता येईल का हे विमान कंपनीला आधी विचारून घ्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिनमध्ये, टोकांवर चिकटपट्टी लावून. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत कंपनीची मंजुरी लागते आणि सुट्या दोनच नेता येतात. त्यावर नाही. हिशेब व्होल्ट गुणिले अँपिअर-तास: ३.६ व्होल्टची ५ अँपिअर-तासांची बॅटरी १८ वॉट-तासांची होते.

मुक्कामी पोचल्यावर तपासणी पहिल्या डाइव्हच्या आदल्या संध्याकाळी करा, बोटीवर नाही. डस्ट कॅप घट्ट लावलेली असताना सेकंड स्टेज तोंडात धरून हळू हवा ओढा. काहीच आलं नाही पाहिजे. हवा येत असेल तर एक्झॉस्टची पाकळी दुमडली आहे, तिच्याखाली वाळूचा कण आहे किंवा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) फाटला आहे. ऑक्टोपसचं (जोडीदारासाठीच्या जादा सेकंड स्टेजचं) वेगळं तपासा, कारण पहिल्यातून ओढताना त्याचा दोष कळत नाही. बीसीडी तोंडाने टणक फुगवून रात्रभर ठेवा; सकाळी मऊ पडलं तर व्हॉल्व्हच्या सीटवर मीठ असू शकतं, कोमट पाण्यात भिजवून पुन्हा फुगवा. इन्फ्लेटरचं बटण सोडल्यावर टचकन वर आलंच पाहिजे. ओ-रिंगना लावायला सिलिकॉन ग्रीसची लहान ट्यूब जवळ असू द्या. हाताशी खोबरेल तेल असलं तरी ते लावू नका, कारण तेल चिकट होऊन वाळू धरतं, आणि फर्स्ट स्टेजमधल्या दाबलेल्या हवेत ते पेटण्याचाही धोका असतो. शंका राहिली तर ते सामान बाजूला ठेवून सेंटरचा रेग्युलेटर भाड्याने घ्या.