पदेराचा पों-पों आणि खिशातला कॅसिनो

परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला: एकादशीला मोबाइल बंद ठेवा, शरीरातलं डोपामाइन धुऊन निघतं. चौघांनी तो लगेच पुढं ढकलला, अर्थात मोबाइलवरूनच.

डोपामाइन म्हणजे टाकीच्या तळाचा गाळ नव्हे, ते मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन आहे. ते बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सन्स होतो आणि साधी हालचालही जड जाते. मोबाइलला चिकटवायच्या ‘रेडिएशन’ स्टिकरच्या शेजारीच या उपासालाही बसवावं.

खरी गंमत वेगळीच आहे. गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर पदेर, म्हणजे भोंगा वाजवत दारोदार पाव विकणारा, सकाळी आणि संध्याकाळी येतो. पों-पों ऐकू आला की आई पिशवी घेऊन बाहेर. मधल्या वेळात फाटकाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. आता समजा, तोच पदेर दिवसातून चाळीसदा, कधीही येऊ लागला. बहुतेकदा टोपली रिकामी, एखाद्या वेळी मात्र गरम उंडे, म्हणजे गोल पाव. आपण दारातच ठाण मांडू की नाही?

फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरचे असे प्रयोग १९५७ साली ग्रंथरूपात मांडले. दाणा ठरावीक वेळानं मिळत असेल, तर कबूतर तो खाऊन थांबतं आणि वेळ जवळ आली की पुन्हा चोच मारू लागतं. कितव्या चोचीला मिळेल याचा नेम नसेल, तर ते मारतच राहतं.

डोक्यात काय होतं, ते मेंदूचे अभ्यासक वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूत पाहिलं. अवचित प्यायला रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी उसळतात. रसाआधी दर वेळी खूण दाखवली, तर काही दिवसांनी उसळी खुणेलाच येते, रसाला येत नाही. खूण दिसून रस आलाच नाही, तर त्या नेमक्या क्षणी पेशी मंदावतात. म्हणजे त्या मोजतात ती अपेक्षा आणि हाती आलेलं यांतली तफावत. २००३ च्या प्रयोगात रस मिळण्याची शक्यता ०, पाव, अर्धी, पाऊण आणि १ अशी बदलली. खूण आणि रस यांच्या मधल्या काळात पेशी हळूहळू चढत जाताना दिसल्या, आणि हा चढ सर्वांत जास्त होता तो अर्ध्या शक्यतेला. गणितात अनिश्चितता शक्यता गुणिले (१ वजा शक्यता) अशी काढतात: पाव शक्यतेला ०.१८७५, अर्धीला ०.२५, खात्रीला शून्य. पेशींचा चढ याच वळणानं जातो!

आता फोन बघा. पडदा बोटानं खाली ओढून सोडायचा आणि काय नवं येतं ते पाहायचं, ही युक्ती लॉरेन ब्रिक्टर यांनी २००९ च्या सुमारास एका अ‍ॅपमध्ये आणली. जुन्या स्लॉट मशीनचा दांडाही असाच ओढायचा. मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर आम्हा गोंयकारांना २०२० पासून जुगाराला बंदी आहे. खिशातल्याला कोण विचारतो?

म्हणून उपाय उपासाचा नाही, पदेराचा. नोटिफिकेशन दिवसातून तीनदा, गठ्ठ्यानं घ्यायची. २०१९ च्या एका प्रयोगात अशी माणसं जास्त निवांत आढळली. नोटिफिकेशन पूर्ण बंद केलेल्यांची मात्र घालमेल वाढली. गॅलरीतली ‘शुभ सकाळ’ची फुलं खुशाल पुसा, त्यानं फोनमध्ये जागा होते एवढंच.

मी साडेसात, दीड आणि सात या वेळा ठरवल्यात. आईचा फोन तेवढा केव्हाही वाजतो. बहुधा पदेर चुकला म्हणून.