नैसर्गिक वायू उद्योग, नाशिकमधील

नाशिक जिल्ह्यात नैसर्गिक वायूची विहीर नाही, आयात वायू उतरवायला किनाराही नाही. मुंबई हायचा शोध 1974 साली लागला आणि पुढे समुद्रातला वायू उरणला येऊ लागला, पण सह्याद्रीच्या वर तो बराच काळ नळाने आला नाही. आला तो खताच्या गोणीतून. ट्रॉम्बे आणि थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे कारखाने नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया बनवतात. निफाड-येवल्याच्या कांद्याला पडणारा युरिया म्हणजे एका अर्थी वायूच. वायू महागला तरी गोणीची किंमत हलत नाही, भार केंद्राच्या खत अनुदानावर पडतो. म्हणून शेतकऱ्याला हे नाते सहसा जाणवत नाही.

शहरी वितरणाला सुरुवात झाली ती पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या नवव्या बोली फेरीतून. 2018 मध्ये नाशिक, धुळे आणि वलसाडचा काही भाग असे एकत्र क्षेत्र महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडला (एमएनजीएल) मिळाले. गेल (वायूवाहिन्या चालवणारी सरकारी कंपनी) आणि भारत पेट्रोलियम यांच्या भागीदारीतली ही पुण्याची कंपनी 2006 सालची. त्या फेरीत घरगुती जोडण्यांच्या आश्वासनाला सर्वाधिक गुण होते, त्यामुळे देशभर कंपन्यांनी मोठमोठे आकडे भरले. प्रत्यक्षात वायूचा खप आधी वाढतो तो वाहनांत. घरातला सिलिंडर वेळेवर मिळत असेल, तर सोसायटीला भिंतीवरून पाइप नेऊ द्यायची घाई नसते.

मुख्य वाहिनी दूर असलेल्या शहराला द्रवरूप वायूचा (एलएनजी) आधार घ्यावा लागतो, आणि नाशिकनेही तो घेतला. उणे 162 अंश सेल्सिअसला वायूचा द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. तो टँकरने येतो, निर्वात आवरणाच्या टाकीत साठतो आणि पंखांसारख्या पट्ट्या जोडलेल्या नळ्यांतून जाताना हवेच्या उष्णतेवर पुन्हा वायू होतो. या नळ्यांवर भर उन्हातही बर्फाचा पांढरा थर दिसतो. साठवण लांबली की काही द्रव आपोआप उकळतो, म्हणून टाकी भरून ठेवून निश्चिंत राहता येत नाही. टँकर घाटात अडकला की रांग पंपावर लागते.

पाइप न पोचलेल्या पंपांना सीएनजी मिळतो तो ट्रकवरच्या सिलिंडरांच्या संचातून; त्याला कॅस्केड म्हणतात. संच रिकामा होत आला की दाब उतरतो, टाकी अर्धीमुर्धी भरते आणि रिक्षावाला ‘प्रेशर नाही’ म्हणत पुढचा पंप शोधतो. मीटर बिघडल्याचा संशय अनेकदा घेतला जातो, पण दोष बहुधा दाबाचा असतो. शहराची स्वतःची बससेवा, सिटीलिंक, 8 जुलै 2021 रोजी सुरू झाली तेव्हा 250 पैकी 200 बस सीएनजीवरच्या ठरवलेल्या होत्या. त्यामुळे इंधनपुरवठा हा थेट प्रवाशांचा प्रश्न झाला.

वाहिनी टाकण्यातली अडचण जमिनीची आहे आणि महापालिकेचीही. नाशिकखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. मुरूम संपला की खोदाईचा वेग आणि खर्च दोन्ही बदलतात. पावसाळ्यात रस्ते खोदायला मनाई, एरवी पुनर्भरणाचे शुल्क, त्यात 2026-27 चा सिंहस्थ. नुकताच डांबरीकरण झालेला रस्ता वायूवाहिनीसाठी पुन्हा फोडला की लोकांचा राग वाजवीच असतो.

भावाचे सूत्र दिल्लीत ठरते. युक्रेन युद्धानंतर 2022 मध्ये देशी वायूचा दर एप्रिलमध्ये 6.1 आणि ऑक्टोबरमध्ये 8.57 डॉलरवर गेला (प्रति दशलक्ष ब्रिटिश औष्णिक एकक). वायूच्या दरासाठी केंद्राने नेमलेल्या किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर एप्रिल 2023 पासून तो भारतात येणाऱ्या कच्च्या तेलाच्या दराच्या 10 टक्के धरला गेला. जुन्या उत्पादन क्षेत्रांतल्या वायूला तेव्हा कमाल मर्यादा 6.5 डॉलरची होती. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहरी वितरकांना मिळणारा या स्वस्त देशी वायूचा वाटा कापला गेला आणि तूट महाग वायूने भरावी लागली. राज्याने एप्रिल 2022 मध्ये मूल्यवर्धित कर 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला होता. मात्र नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर असल्याने कारखान्याला त्या कराची वजावट जीएसटीत मिळत नाही.

खरी कसोटी कारखान्यांतच आहे. सातपूर, अंबड आणि सिन्नरमधल्या भट्ट्या, रंगकामाचे ओव्हन आणि बॉयलर प्रोपेन, डिझेल किंवा फर्नेस ऑइलशी तुलना करूनच इंधन बदलतात, आणि आयात वायू महागला की परत फिरतात. समृद्धी महामार्गालगत गेलने टाकलेली मुंबई–नागपूर–झारसुगुडा वाहिनी इगतपुरी-सिन्नर भागातून जाते. तिच्यातून नाशिकला पुरेसा वायू मिळाला तर टँकरवरचे अवलंबित्व कमी होईल. मालेगावात सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्यांचे बॉयलर लाकूड, कोळसा, प्रसंगी प्लॅस्टिकचा कचराही जाळतात. तिथे स्पर्धा या स्वस्तात मिळणाऱ्या कचऱ्याशी आहे, आणि ती केवळ पाइप दारापर्यंत नेऊन जिंकता येणार नाही. प्रदूषण नियंत्रणाची अंमलबजावणीही तितकीच कडक लागेल.