राग आवरणारं मूल आणि राग गिळणारं मूल

शिक्षकखोलीत एखाद्या मुलीचं 'किती समजूतदार! कधी उलट शब्द नाही' असं कौतुक झालं, की मला आधी आनंद होत नाही, धास्ती वाटते. ती समजूतदार असेलही. पण नुसतीच गप्प असेल, तर? वर्गातून बघताना दोन्ही सारखंच दिसतं.

गणपती संपून चाकरमानी मुंबईला परतले की नववीच्या वर्गात असे चेहरे हमखास दिसतात. दोन मुलगे घ्या. दोघांचेही वडील रात्रीच्या गाडीने गेलेले, दोघंही हजेरीला पुटपुटतात. पहिला मधल्या सुट्टीत मित्राला म्हणतो, "बाबा दिवाळीक येतले, पण आज डोक्यात राग हा," आणि चौथ्या तासाला गणित सोडवायला लागतो. दुसऱ्याला विचारलं तर उत्तर एकच, "काय नाय सर." पहिल्याने भावना आवरली. तिला नाव दिलं, कुणाला तरी सांगितली, तिच्याकडे जरा वेगळ्या बाजूने पाहिलं. दुसऱ्याने ती गिळली.

गिळलेली भावना जिरत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून यावर प्रयोग केले. चित्रफीत बघताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, असं सांगितलेल्या लोकांचे चेहरे कोरे राहिले, पण आतली अस्वस्थता कमी झाली नाही. शरीरावरचा ताण उलट वाढला. शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढे आहे: चेहरा कोरा ठेवण्यात गुंतलेल्यांना त्या वेळी जे सांगितलं गेलं ते नंतर कमी आठवलं. हे प्रयोग मुख्यतः कॉलेजच्या तरुणांवर झाले, तेव्हा ते जसेच्या तसे नववीला लावू नयेत. तरीही 'लक्ष नाही' असा शेरा वहीत लिहिण्याआधी, या मुलाचं लक्ष कुठे खर्च होतंय, हा प्रश्न पडायला हवा.

या वयात हे जास्त का होतं? भावना पेटवणारी मेंदूची केंद्रं पौगंडावस्थेत जोरात कामाला लागतात. विचार करून थांबवणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. म्हणून आवरणं शिकावं लागतं. गिळणं शिकवावं लागत नाही. 'पोरींसारखा रडतोस काय' एवढं पुरतं. आई पहाटे बंदरावर मासळीच्या लिलावाला जाते तेव्हा धाकट्यांचे डबे भरणाऱ्या थोरलीला तर तेवढंही कुणी म्हणत नाही.

ओळखायचं कसं, तर एका दिवसावरून नाही. आवरणारं मूल चिडतं, रडतं, आणि तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा माणसांत येतं. गिळणाऱ्याचं पोट ठरावीक तासालाच दुखतं. आठवडाभर चकार शब्द नाही, आणि मग कुणी न विचारता कंपासपेटी घेतली म्हणून बाक उलटतो. आपण कंपासपेटीवरून न्यायनिवाडा करत बसतो. जूनमध्ये जास्त जपावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, घरात पैसा आटलेला, आणि नेमकी त्याच वेळी शाळा वह्या-गणवेशाची यादी हातात देते.

एक मात्र सांगायला हवं: तात्पुरतं गिळणं हा दोष नाही. परीक्षेत किंवा घरात कुणी गेलेलं असताना मूल स्वतःला धरून ठेवतं, ती ताकदच आहे. ओझं नंतर उतरवायला जागा आहे की नाही, एवढंच बघायचं.

ती जागा शाळा देऊ शकते, पण भर वर्गात 'काय झालं रे?' विचारून नाही. गाव लहान; वर्गातली गोष्ट संध्याकाळपर्यंत वाडीत पोचते. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा प्रयोगशाळेतलं सामान आवरताना, एसटीच्या थांब्याकडे चालताना मुलं बोलतात. "राग आलाय, की वाईट वाटलंय?" असा पर्याय देऊन विचारलं की नाव सापडायला सोपं जातं, आणि भावनेला नाव मिळालं की तिची धार थोडी बोथट होते. लगेच 'चांगलं बघ, सकारात्मक राहा' म्हणू नये. मुलाला ते 'गप्प बस' असंच ऐकू येतं. आधी ऐकून घ्यायचं. वेगळ्या बाजूने बघणं नंतर, त्याची तयारी असेल तर. आणि आपण स्वतः चिडलो असू तर "मी आत्ता रागात आहे, दोन मिनिटांनी बोलतो" असं वर्गासमोर म्हणून खरंच थांबावं. मूल्यशिक्षणाच्या तासापेक्षा याचा उपयोग जास्त, असं माझं मत.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नये. उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, मरणाची भाषा येत असेल, तर हा प्रश्न आवरण्या-गिळण्याच्या पलीकडचा आहे. 'जिवाचं काही करावंसं वाटतं का?' असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडू नये, मुख्याध्यापक आणि पालकांना त्याच दिवशी सांगावं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे नेलं म्हणजे पोर वेडं ठरलं, ही पालकांची भीती घालवायला बहुतेकदा शिक्षकालाच त्यांच्या घरी जाऊन बसावं लागतं.