एका वर्षाचा करार, जन्माची गाठ

सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. मालकाशी पटलं नाही तर नव्या सालाला दुसऱ्याचं दार धरायला तो मोकळा असतो (अंगावर उचल असेल तर गोष्ट वेगळी). अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या खेळाडूला जवळजवळ शंभर वर्षं एवढीही मोकळीक नव्हती. त्याचा करारही एकाच वर्षाचा असायचा, पण ते वर्ष काही संपायचं नाही.

याची सुरुवात १८७९ची. नॅशनल लीगच्या मालकांनी आपसात गुपचूप ठरवलं की प्रत्येक क्लबने पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि इतरांनी त्यांना हात लावायचा नाही. पुढे पाचाचे सगळेच झाले. कराराच्या छापील नमुन्यात एक कलम आलं: खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही, तर क्लब जुनाच करार आणखी एक वर्ष चालवू शकतो. मालक म्हणत, वाढवलेल्या करारात हे कलमही आलंच, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा वाढवता येईल, त्याच्या पुढच्याही वर्षी. क्लबला नको झाला की खेळाडू विकायचा किंवा बदली करायची. त्याला नको झालं तर त्याने घरी बसायचं.

कोर्टात जाऊनही उपयोग नव्हता. १९२२ साली सुप्रीम कोर्टाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही असं ठरवून मक्तेदारीविरोधी कायद्यातून तो वगळला. संघ रेल्वेने राज्याराज्यांतून फिरत होते, तिकिटं विकत होते, तरीही. सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर कर्ट फ्लड १९६९मध्ये फिलाडेल्फियाला परस्पर देऊन टाकला गेला. त्याने कमिशनर (मालकांनीच नेमलेले बेसबॉलचे प्रमुख) बोवी कून यांना पत्र लिहून कळवलं की, माझ्या इच्छेविरुद्ध विकत घ्यायची किंवा विकायची मी मालमत्ता नाही. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा हा माणूस कोर्टात गेला आणि १९७०चा सगळा हंगाम घरी बसला. खटल्याच्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू त्याच्यासाठी कोर्टात येऊन बसला नाही. १९७२मध्ये तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला, आणि तोवर त्याची कारकीर्दही संपली होती.

कुलूप उघडलं ते दुसऱ्याच किल्लीने. पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले अर्थतज्ज्ञ मार्विन मिलर १९६६पासून खेळाडूंची युनियन चालवत होते. १९६८च्या पहिल्या सामूहिक करारात त्यांनी किमान पगार ६ हजारांवरून १० हजार डॉलरवर नेला. १९७०मध्ये त्यांनी एक कोरडं वाटणारं कलम मिळवलं: कराराबद्दलची तक्रार कमिशनरकडे नाही, बाहेरच्या लवादाकडे जाईल. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी चाल हीच. १९७३मध्ये पगाराच्या वादासाठीही लवाद मान्य झाला. खेळाडूला जायचं स्वातंत्र्य नाही, पण निदान पगार तिऱ्हाइताने ठरवावा, असा तो सौदा होता.

पहिली भेग पडली मालकाच्याच कंजूषपणामुळे. ओकलंडचे मालक चार्ल्स फिनली यांनी कॅटफिश हंटर या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पगारातले ५० हजार डॉलर ठरल्याप्रमाणे वर्षासन योजनेत भरले नाहीत. करार मोडला, म्हणून लवाद पीटर साइट्झ यांनी डिसेंबर १९७४मध्ये त्याला मोकळं केलं. अनेक क्लब त्याच्या दारात उभे राहिले आणि यँकीजनी ३० लाखांहून अधिक डॉलर मोजले. खुल्या बाजारात आपली किंमत काय, हे खेळाडूंना पहिल्यांदाच कळलं.

मग अँडी मेसरस्मिथ. डॉजर्सच्या या पिचरला आपल्या संमतीशिवाय बदली होणार नाही, एवढीच हमी हवी होती. ती नाकारली, तेव्हा १९७५चा हंगाम तो सही न करताच खेळला. सोबतीला तसाच सही न करता खेळलेल्या डेव्ह मॅकनॅली या पिचरची तक्रार होती. प्रश्न एवढाच, की ‘एक वर्ष’ म्हणजे किती? २३ डिसेंबर १९७५ला साइट्झ यांनी निकाल दिला: एक वर्ष म्हणजे एक वर्ष. मालकांनी त्यांना लगेच कामावरून काढलं, फेडरल कोर्टात अपील केलं आणि तिथेही हरले.

आता गंमत पाहा. सगळ्यांनाच दरवर्षी मोकळं करा, असं फिनली म्हणत होते आणि मिलर यांना धास्ती होती की बाकीचे मालक ऐकतील. शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले तर भाव कोसळणार. कांद्याचं गणित जाणणाऱ्याला हे सांगायला नको. मालकांनी फिनलींना वेड्यात काढलं. १९७६च्या करारात सहा वर्षं सेवा झाली की मोकळा, असं ठरलं. दरवर्षी थोडेच खेळाडू सुटणार, म्हणून त्यांना चढा भाव. १९७५मध्ये सरासरी पगार ४५ हजार डॉलरच्या आसपास होता, १९८०मध्ये तो १ लाख ४० हजारांच्या पुढे गेला.

तो सांगाडा आजही टिकून आहे. मेजर लीगच्या यादीत १७२ दिवस काढले की एक वर्ष जमा. पहिली तीन वर्षं क्लब देईल तेवढं घ्यायचं, फक्त किमान पगार हक्काचा (२०२६साठी ७ लाख ८० हजार डॉलर). तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान पगार लवाद. दोन वर्षांच्या पुढे असलेल्यांतल्या काही ज्येष्ठांनाही तो मिळतो.

या लवादाची तऱ्हा वेगळी. दोन्ही बाजू एकेक आकडा देतात आणि तीन लवादांना त्यातला एकच उचलावा लागतो. मधोमध कापायची मुभा नाही, म्हणून जो ताणतो तो हरतो आणि बहुतेक वाद आधीच मिटतात. ज्यांचे मिटत नाहीत त्यांची सुनावणी फेब्रुवारीच्या आसपास होते. प्रत्येकाला मांडणीला एक तास, उत्तराला अर्धा. कामगिरी, दुखापती, बरोबरीच्या खेळाडूंचे पगार हे सगळं बोलायचं. क्लबची ऐपत काढायची नाही. आणि खेळाडू समोर बसून स्वतःचे दोष ऐकतो. आपल्या अप्रेझलला निदान बॉस केबिनचं दार लावून घेतो! २०२३मध्ये मिल्वॉकीचा पिचर कॉर्बिन बर्न्स ७ लाख ४० हजार डॉलरच्या फरकावर हरला. संघ प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेरीला) गेला नाही याचं खापर आपल्यावर फोडलं आणि संबंध दुखावले, असं त्याने उघडपणे सांगितलं. वर्षभरात त्याची बाल्टिमोरला बदली झाली.

क्लबनीही कायदा वाकवून पाहिला. १९८५ ते १९८७ या काळात एकमेकांच्या खेळाडूंवर बोली लावायची नाही असं संगनमत केलं. ते सिद्ध झालं आणि २८ कोटी डॉलरची भरपाई द्यावी लागली. त्यानंतरची युक्ती दिवस मोजण्याची. २०१५मध्ये शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला हंगाम सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी, १७ एप्रिलला मैदानात उतरवलं. त्याचे दिवस भरले १७१. एक कमी, म्हणून त्याची सुटका वर्षभर पुढे गेली. २०२०मध्ये लवादाने त्याची तक्रार फेटाळली. नवोदिताच्या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोनांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष द्यायचं, हा नियम २०२२च्या करारात आला. ब्रायंट २०१५मध्ये त्या मतदानात पहिला आला होता.