होप हिऱ्याच्या ‘शापा’बद्दल खुलासा

म्हणे ताव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने हा निळा हिरा मूर्तीच्या डोळ्यातून चोरला, म्हणून त्याला कुत्र्यांनी फाडून खाल्लं. शंभर वर्षं फिरणारी ही गोष्ट थाप आहे. ताव्हर्निए १६८९मध्ये मॉस्कोत वारला, ऐंशी ओलांडून. हिरा त्याने फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला रीतसर विकला होता; मूर्तीच्या चोरीला कसलाही पुरावा नाही.

शापाच्या बातम्या वर्तमानपत्रांनी आधीच चालवल्या होत्या. त्यांचा धंद्यासाठी वापर केला तो सराफ पिएर कार्तिएने. आजोबांनी १८४७मध्ये पॅरिसात सुरू केलेली पेढी तेव्हा तीन नातू सांभाळत, न्यूयॉर्क पिएरकडे. गिऱ्हाईक होतं इव्हलिन मॅक्लीन. अपशकुनी वस्तू आपल्याला लाभतात, असं या गडगंज बाईंचं म्हणणं. पिएरने शाप चांगला रंगवून सांगितला, तरी बाईंना कोंदण पसंत पडेना. पठ्ठ्याने ते बदललं आणि हिरा शनिवार-रविवारपुरता त्यांच्याच घरी ठेवला. मुरलेला सराफ! १९११च्या करारात तर कलमच होतं: सहा महिन्यांत घरात कुणी दगावलं, तर हिऱ्याच्या बदल्यात तेवढ्याच किमतीचे दागिने मिळतील.

बाईंचा मुलगा मोटार अपघातात गेला हे खरं, पण १९१९मध्ये.