सरकवून काढलेलं ॲप आणि फोर्स स्टॉप केलेलं ॲप

एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचा हा उद्योग तुम्ही पाहिला असेल. मेसेज वाचून झाला की खालून बोट वर नेऊन ॲप्सची सगळी कार्डं बाहेर आणायची आणि एकेक वर भिरकावत जायची. का, तर बॅटरी वाचते. आमच्या घरातही हे चालतं. आणि सेटिंग्जमध्ये जाऊन ‘फोर्स स्टॉप’ दाबणं म्हणजे त्याच कामाची जरा दणकट आवृत्ती, असा समज आहे. अँड्रॉइडवर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी त्या कार्डांचं बघू. ती चालू असलेल्या ॲप्सची यादी नव्हेच. तुम्ही अलीकडे काय काय उघडलंत याची ती नोंद आहे. खात्री करायची तर फोन बंद करून पुन्हा चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर जुनी कार्डं जशीच्या तशी हजर असतात. रॅम, म्हणजे फोनची तात्पुरती स्मृती, तर पूर्ण पुसली गेली, मग चालू काय राहणार? दिसतो तो नुसता फोटो. उलट, कार्ड नसलेली कितीतरी ॲप्स मागे कामात असतात.

ॲप नजरेआड गेलं की अँड्रॉइड त्याला ‘कॅश्ड’ गटात टाकतं. ते रॅममध्ये पडून राहतं, आणि अँड्रॉइड ११पासून आलेल्या सोयीमुळे अशी ॲप्स गोठवताही येतात, म्हणजे प्रोसेसरला त्यांचा शून्य त्रास. रॅम भरलेली असो वा रिकामी, वीज जवळपास तेवढीच खाते. जागा कमी पडली की सिस्टिम स्वतःच सर्वांत बिनमहत्त्वाच्या ॲपचा बळी देते. तेव्हा कार्ड सरकवणं म्हणजे गाढ झोपलेल्याला उठवून घराबाहेर काढायचं आणि दहा मिनिटांनी पुन्हा हाक मारायची. ॲप शून्यापासून उघडताना वीज जास्तच जाते.

बरं, सरकवल्यावर ॲप संपतं तरी का? बहुधा त्याची प्रोसेस, म्हणजे रॅममधलं त्याचं चालतं रूप, जाते, पण लावलेले अलार्म राहतात, नोटिफिकेशन येत राहतात, वेळ आली की ॲप आपणहून जागं होतं. नोटिफिकेशन दाखवून मागे चालणारी कामं, उदाहरणार्थ नकाशाचं रस्ता सांगणं, सरकवल्यावरही सुरू राहू शकतात. (काही कंपन्यांनी आपल्या फोनमध्ये इथेही कडक नियम घातलेत, तो वेगळा ताप.)

फोर्स स्टॉपने मात्र ॲपच्या तोंडाला कुलूप लागतं. प्रोसेस मरते, अलार्म रद्द होतात, इंटरनेटवरून येणारे पुश मेसेज पोहोचत नाहीत, आणि तुम्ही स्वतः ते उघडेपर्यंत सिस्टिम त्याला उठवत नाही. हे मला आईच्या फोनवर कळलं. फोन हळू झाला म्हणून मी उत्साहाने चार-पाच ॲप्स फोर्स स्टॉप केली, त्यात गोळ्यांची आठवण देणारं ॲपही गेलं. रात्री नऊची गोळी राहिली. आई म्हणाली, “तो वाजलाच नाही रे आज.” वाजणार कसा!

आयफोनवर फोर्स स्टॉपचं वेगळं बटणच नाही. तिथलं सरकवणं या दोन्हींच्या मध्ये बसतं: ॲप खरोखर बंद होतं, ते पुन्हा उघडेपर्यंत मागच्या मागे ताजं होत नाही, पण साध्या नोटिफिकेशन येत राहतात. २०१६मध्ये एका ग्राहकाने ॲपलला ईमेल करून विचारलं होतं, तुम्ही स्वतः ॲप्स बंद करता का, आणि बॅटरीसाठी ते करावं का? ॲपलच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडरीगी यांनी दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ असं उत्तर दिलं. सरकवायचं ते ॲप अडकलं असेल तरच, असं ॲपल आजही सांगतं.

बॅटरी खरंच खाली जात असेल तर कार्डांकडे न बघता सेटिंग्जमधला बॅटरीचा भाग उघडा. कोण किती खातं ते तिथे टक्क्यांत लिहिलेलं असतं. एखादं ॲप तिथे भलतंच वर दिसलं, किंवा पांढऱ्या पडद्यावर अडकून बसलं, तर मीही फोर्स स्टॉप करतो. फक्त आता लगेच ते एकदा उघडतो, म्हणजे आपले अलार्म ते परत लावून घेतं. आईच्या फोनवर तर गोळ्यांची यादी डोळ्यांनी बघूनच बाहेर येतो.